आत्याची विहीर आणि ४९० किलोमीटर वरचा तराजू : प्रकल्प नोंदी

१४ एप्रिल २०२५

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. आत २००३ पासूनची भिंतीवरची कॅलेंडरं, सुतळीने बांधून ठेवलेली. प्रत्येक अमावास्येच्या चौकोनात आत्याने पेन्सिलीने एक आकडा आणि पुढे ‘उ’ लिहिलाय. ११ उ, १९ उ, २२ उ. उ म्हणजे उघड्या. आमच्या पायऱ्यांच्या विहिरीत त्या दिवशी वरून किती पायऱ्या पाण्याबाहेर होत्या, तो हिशेब. चोविसावी पायरी दिसली की फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, मोटार हवा ओढते आणि पोफळी शिंपायच्या राहतात. एकदा मोटार जळली, तेव्हापासून ती लिहिते.

२००९ चं कॅलेंडर वाळवीने खाल्लं. बाकी एकवीस वर्षं शाबूत.

गेल्या दिवाळीपासून डोक्यात घोळतंय ते आता करायचं. ग्रेस नावाचे दोन उपग्रह १७ मार्च २००२ ला वर गेले, अमेरिका आणि जर्मनीचे. पृथ्वीची ओढ कुठे किती आहे आणि ती महिन्या-महिन्याला कशी बदलते, याचे नकाशे त्यांनी पंधरा वर्षं दिले. आता त्यांची धाकटी जोडी, ग्रेस-एफओ, तेच काम करते. पाणी साठलं की वजन वाढतं, वजन वाढलं की ओढ वाढते. म्हणजे आत्याने खालून मोजलेलं पाणी त्यांनी वरून तोललं असणार. दोन्ही आकडे एका कागदावर आणायचे, एवढाच प्रकल्प.

पुण्याच्या ऑफिसला घरून काम कळवलंय. नेट येतं ते फक्त पडवीच्या टोकाला.

१७ एप्रिल

पायऱ्या मोजल्या. आत्याच्या लेखी पायरी म्हणजे पायरी, पण जांभ्याचे चिरे कुठे सतरा सेंटिमीटर, कुठे सव्वीस. टेप, वही आणि शेजारचा पोरगा घेऊन उतरलो. पंधराव्या पायरीपासून शेवाळ, तिथून बसून सरकत. एकोणिसाव्या पायरीच्या फटीत कुर्ली बसली होती, ती काही हलेना, म्हणून त्या पायरीची उंची एकाच बाजूने घेतलीय. एकूण ३१ पायऱ्या, सरासरी २१ सेंटिमीटर.

एक भानगड निघाली. वरच्या दोन पायऱ्या सिमेंटच्या आहेत, कधीतरी मागाहून घातलेल्या. म्हणजे त्याआधीचे सगळे आकडे दोनने कमी. कधी घातल्या विचारलं तर आत्या म्हणाली, “गाळ काढला त्या वर्षी.” गाळ कधी काढला? “बारक्याचं लग्न झालं त्याच्या आदल्या मे महिन्यात.” बारक्याची पत्रिका शोधायला लागणार.

२० एप्रिल

विदा उतरवून घेतली. ‘डेटा’ला विदा म्हणायची सवय मला एका जुन्या सरांमुळे लागली, ती आता सुटत नाही. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची मॅस्कॉन, म्हणजे वजनांच्या हिशेबाची, फाइल: अख्खी पृथ्वी अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या रकान्यांत, दर महिन्याचा एक आकडा. आकडा असतो सेंटिमीटर पाण्यात. त्या जागी २००४ ते २००९ या वर्षांच्या सरासरीपेक्षा पाण्याचा किती जाड थर जास्त किंवा कमी आहे, ते. यात विहिरीतलं, मातीतलं, धरणातलं, नदीतलं सगळं पाणी एकत्र येतं. तराजूला वजन कळतं, वजन कशाचं ते कळत नाही.

आमच्या वाडीचे अक्षांश-रेखांश टाकून रकाना काढला, आलेख काढला. वर्षाची लाट दिसायला हवी होती. दिसली एक मरतुकडी वळवळ, आणि तिचा पावसाशी काडीचा संबंध दिसेना.

२४ एप्रिल

चार दिवस मी समुद्र मोजत होतो.

आमचा रकाना ७३ ते ७३.५ पूर्व. किनारा साधारण ७३.३ वर. म्हणजे रकान्याचा मोठा हिस्सा अरबी समुद्रात, आणि फाइलीतल्या जमीन-समुद्राच्या वाटणीत तो गेलाय समुद्राच्या पारड्यात. भरती-ओहोटी गणिताने आधीच वजा केलेली असते, त्यामुळे उरते ती एवढीशी वळवळ. पूर्वेकडचा शेजारचा रकाना घेतला, आणि लाट हजर. उन्हाळ्यात तळ, सप्टेंबरच्या आसपास माथा, दरवर्षी न चुकता.

आत्याला सांगितलं तर म्हणाली, “खारं पाणी मोजत होतास होय!” आता संध्याकाळपर्यंत ही बातमी तिन्ही वाड्यांत.

२७ एप्रिल, अमावास्या

२० उ.

पाणी बघून वर येताना आत्याने विचारलं, वरून मोजतात म्हणजे काय फोटो काढतात? नाही. हे उपग्रह खाली बघतच नाहीत. ते एकमेकांकडे बघतात. एकापुढे एक, साधारण २२० किलोमीटर अंतर ठेवून, जमिनीपासून ४९० किलोमीटर उंचीवर, उत्तर-दक्षिण फेऱ्या मारतात. रत्नागिरी ते मुंबई सरळ रेषेत धरलं तर जवळपास तेवढंच अंतर. म्हणजे एक रत्नागिरीच्या डोक्यावर असेल तेव्हा दुसरा मुंबईच्या. कोकण रेल्वेला अर्धा दिवस खाणारं हे अंतर ते तीसेक सेकंदांत तोडतात, आणि तेवढ्यात आपल्यातली दरी केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट बारीक, मायक्रॉनपर्यंत मोजतात. पहिली जोडी सूक्ष्मलहरींनी मोजायची. नवीन जोडीत शिवाय लेझर आहे, तो त्याहून बारीक.

पुढे जड काही आलं, भरलेलं खोरं म्हणा, की पुढच्याला ओढ आधी लागते. तो पुढे पळतो, अंतर वाढतं. मग तो पार होतो, आता त्याला मागे ओढ. मागचा मात्र अजून पुढे ओढला जातोय. अंतर घटतं. हे सगळं मी तांदूळ निवडायच्या सुपात दोन सुपाऱ्या ठेवून दाखवत होतो. आत्याने मध्येच तोडलं: “अणुस्कुऱ्याच्या घाटात दोन एश्ट्या मागे-पुढे असल्या की होतं तसं. पुढची उताराला लागली की लांब पळते. ती पुढच्या चढाला लागली की मागची येऊन चिकटते.”

याहून बरं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. सुपाऱ्या परत पानाच्या डब्यात.

३ मे

पुन्हा आपटलो. या वेळी जोरात.

एका रकान्यावर भरवसा नको म्हणून आजूबाजूचे रकाने घेतले, घाटापलीकडचेही. सरासरी काढली की चूक कमी होते, हे आम्हाला कॉलेजात घोकून घेतलेलं. चूक जवळपास शून्य आली! सगळे रकाने एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. दशांशाच्या पाचव्या घरापर्यंत.

इतकं जुळलं की खूश व्हायचं नसतं, हे कळायला दुपार गेली. कोकणात वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस. घाटमाथा ओलांडला की पन्नास-साठ किलोमीटरांत तो झपाट्याने उतरतो. तिथला आणि इथला आकडा पाचव्या घरापर्यंत सारखा कसा असेल? कारण तो एकच आकडा आहे. फाइल अर्ध्या अंशाची असली तरी मोजणीचा खरा ठोकळा तीन अंशांचा, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर रुंद. तोच आकडा त्यातल्या सगळ्या रकान्यांत छापलेला. मी एका साक्षीदाराला वेगवेगळे सदरे घालून पुन्हा पुन्हा उभा करत होतो आणि वर म्हणत होतो, पहा, सगळ्यांची साक्ष जुळते.

फाइलीबरोबर एक गुणकांची फाइलही मिळते, मोठा आकडा लहान रकान्यांत वाटून द्यायला. पण ते गुणक जमिनीवरच्या पाण्याच्या संगणकी प्रारूपातून काढलेले आहेत. ते लावले की आकडे वेगवेगळे दिसतात, पण तो वेगळेपणा प्रारूपाचा, उपग्रहाचा नाही. मी लावलेले नाहीत.

ठोकळे लहान का करत नाहीत? तिथे उंची आड येते. ४९० किलोमीटरवरून दोन शेजारच्या वजनांच्या ओढी एकमेकींत मिसळून जातात. खाली यावं तर हवा घासते आणि उपग्रह पडतो. युरोपच्या गोसे उपग्रहाने ते धाडस केलं. २००९ मध्ये गेला, २५५ किलोमीटरवर उडाला, हवेचं घर्षण भरून काढायला झेनॉनचं इंजिन सतत चालू, शेवटी शेवटी आणखी खाली उतरला. इंधन संपलं आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये जळून गेला. त्याचा नकाशा बारीक आहे, शंभरेक किलोमीटरचा, पण तो स्थिर ओढीचा. डोंगर, खडक, समुद्रतळ यांचा. दर महिन्याचं पाणी त्यात नाही.

आणि कोकण? सह्याद्री ते समुद्र, पन्नास-साठ किलोमीटर. तीन अंशांच्या ठोकळ्यात आमची किनारपट्टी म्हणजे धोतराचा काठ.

९ मे

सरपंच वहिनी आल्या. मोबाइलवर एक रंगीत नकाशा. कुठल्याशा सल्लागार कंपनीने कुठल्याशा बैठकीत दाखवला, तिथून ग्रुपांवर फिरत आलाय. ‘उपग्रहाद्वारे तालुकानिहाय भूजल’. आमचा तालुका निळा, म्हणजे पाणी मुबलक. आज वरच्या वाडीत बायका दीड किलोमीटरवरून हंडे आणतायत आणि टँकरचा प्रस्ताव तयार आहे.

“भावोजी, हा नकाशा प्रस्तावाला जोडायचा की दडवायचा?”

नकाशा मोठा करून पाहिला. तालुक्यांच्या सीमा बारीक, सुबक, खालचे रंग मात्र भल्यामोठ्या चौकोनांचे, कडा मऊ करून पसरलेले. ओळखीचेच ठोकळे. एका ठोकळ्यावर शंभरेक तालुक्यांच्या रेघा मारल्या की प्रत्येक तालुक्याचा आकडा तयार होतो. मीही सहा दिवसांपूर्वी तेच केलं होतं, फक्त छापलं नव्हतं.

वहिनींना म्हटलं, दडवू नका, जोडूही नका. मी एक पानभर लिहून देतो. म्हणाल्या, “पानभर नको. साहेब अर्धं पान वाचतात.”

१० मे

बारक्याची पत्रिका सापडली. गाळ २०११ च्या मे महिन्यात. तोवरच्या सगळ्या आकड्यांत दोन मिळवले.

१८ मे

आंबोळगडला गेलो. मित्राकडे मोजणीचा चांगला जीपीएस यंत्रसंच होता, त्याला दाखवायचं होतं म्हणून. पुळणीवर, ओहोटीच्या रेषेजवळ, पाय ओले. यंत्राचं आपोआप होणारं दुरुस्तीचं गणित बंद करून कच्ची उंची पाहिली: उणे साठच्याही खाली. उभे आहोत समुद्रकिनारी, आणि यंत्र म्हणतंय तुम्ही साठ मीटर खोल आहात.

यंत्र खोटं बोलत नाही. ते उंची मोजतं एका गुळगुळीत, गणिताने आखलेल्या लंबगोलापासून. समुद्र त्या लंबगोलाला जुमानत नाही. जिथे ओढ कमी तिथे पाण्याची पातळी खाली जाते, जास्त तिथे फुगते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात पृथ्वीवरचा सगळ्यात खोल असा खळगा आहे, तिथली पातळी लंबगोलापेक्षा १०६ मीटर खाली. जहाजातून जाताना काही कळत नाही, कारण ‘सपाट’ कशाला म्हणायचं ते ओढच ठरवते. आपला सगळा दक्षिण भारत त्या खळग्याच्या उतारावर, आणि कोकणही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले देबांजन पाल आणि आत्रेयी घोष यांनी २०२३ मध्ये त्याचं कारण मांडलं: टेथिस या लोपलेल्या समुद्राचा तळ पोटात बुडाला, त्याने आफ्रिकेखालचा तापलेला, हलका ऐवज ढवळला, आणि तो या भागाखाली येऊन पसरला. हलकं आहे म्हणून ओढ कमी.

मित्राने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कोळंबी कुठे चांगली मिळेल.

(आमच्या विहिरीच्या हिशेबात याचा उपयोग शून्य. ही ओढ कोट्यवधी वर्षांची, आपल्याला हवा तो तिच्यावरचा महिन्याचा बारीकसा फरक. तरी नोंदवून ठेवतो.)

२२ मे

फरक किती बारीक ते आज कागदावर काढलं. जमिनीत सर्वदूर एक मीटर पाणी भरलं, तर त्यावर उभ्या ६० किलोच्या माणसाचं वजन वाढेल अडीच मिलिग्रॅमने. तांदळाच्या दाण्याचा आठवा हिस्सा. एक मीटर पाणी म्हणजे थोडंथोडकं नव्हे, आणि त्याचा पडसाद एवढाच.

त्या मानाने घाट चढणं सोपं. अणुस्कुऱ्याने साधारण ६०० मीटर वर गेलं तर केंद्रापासून लांब गेल्यामुळे ओढ घटते, मधल्या काळ्या दगडामुळे थोडी वाढते, वजाबाकी करून त्याच माणसाचं वजन सात ग्रॅमने कमी. ओटीवरचं लंबकाचं घड्याळ वर नेलं तर दिवसाला पाच सेकंद मागे पडेल. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशेला दक्षिण अमेरिकेतल्या केयेनमध्ये हेच दिसलं होतं: पॅरिसला बरोबर चालणारं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे. आपल्याकडे सर्वेक्षण खात्याच्या बसेवीने १८६५ पासून देशभर लंबक नेऊन ओढ मोजली आणि १८७१ मध्ये लडाखच्या उंचीवर काम करतानाच तो गेला.

घड्याळ न्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मग लोखंडी दांड्याचा हिशेब केला. दहा अंश ऊन वाढलं की दांडा लांबतो आणि घड्याळ दिवसाला पाच सेकंद मागे पडतं. किनाऱ्यावर उकाडा, माथ्यावर गारवा. खाली उकाड्याने मागे, वर ओढीने मागे. दोन्हीकडचे आकडे बिनचूक जुळतील आणि मी म्हणेन, ओढीत फरक नाही! आत्याही म्हणाली, आजोबांचं घड्याळ भिंतीवरून काढायचं नाही. दोन्ही कारणं सारख्याच वजनाची.

२७ मे, अमावास्या

१८ उ. पण २० तारखेला २३ उघड्या होत्या! मधल्या आठवड्यात पाऊस आला. वळवाचा म्हणून सोडून दिला होता, तर तो मान्सूनच निघाला. २४ ला केरळात, २६ ला मुंबईत पोचल्याची हवामान खात्याची घोषणा. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. मिरगाच्या दोन आठवडे आधी आमच्या पन्हळी वाहतायत. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लाकडं अर्धी बाहेरच भिजली.

आत्याच्या चौकोनात मात्र १८ उ एवढंच राहणार, वर्षाचा खरा तळ, २३, कुठेच नोंदला जाणार नाही. महिन्यातून एकदा बघितलं की असं निसटतं. वरच्यांचंही तसंच आहे. महिनाभराच्या फेऱ्या एकत्र केल्याशिवाय त्यांचा नकाशा उमटत नाही, त्यामुळे मेचा आकडा म्हणजे आधीचे वीस कोरडे दिवस आणि नंतरचे ओले, सगळे कालवून. दोघांच्याही चाळणीची भोकं सारखीच मोठी.

१५ जून

वीज नाही, पडवीत पाणी, आणि दोन दिवस फक्त कॅलेंडरं उतरवण्याचं काम. सगळे आकडे वहीतून तक्त्यात गेले.

जोडताना एक गंमत. पहिली जोडी पाच वर्षांसाठी पाठवली होती, पंधरा चालली. २०११ पासून बॅटरी दमल्याने मधूनमधून उपकरणं बंद ठेवावी लागली, तेवढे महिने कोरे. २०१७ च्या मध्यावर कामच थांबलं. नवी जोडी २२ मे २०१८ ला निघाली. मध्ये जवळजवळ वर्षभर वर तोलायला कोणीच नव्हतं. त्या वर्षभराच्या आत्याच्या सगळ्या अमावास्या जागेवर आहेत. एक सोडून, तिथे लिहिलंय ‘मोतीबिंदू. बघितली नाही.’

नव्या जोडीचंही सुरळीत नाही. दोघांतल्या एकाचा त्वरणमापक, म्हणजे हवेचा धक्का वेगळा काढायचं यंत्र, सुरुवातीलाच बिघडलं. मग चांगल्याच्या नोंदी अर्ध्या मिनिटाने सरकवून बिघडलेल्याला वापरतात, कारण दोघं एकाच वाटेने मागे-पुढे जातात. जुगाड नुसता आपल्याकडेच असतो असं नाही.

२४ जुलै, अमावास्या

५ उ. विहीर तुडुंब. हात घातला तर पाणी लागेल असं वाटतं. कासव वर आलंय.

२३ ऑगस्ट, अमावास्या

६ उ. पाऊस धो धो पडतोय आणि पाणी एक पायरी खाली?

एकवीस वर्षांचा तक्ता हेच म्हणतो. आमची विहीर जुलैतच भरते आणि पुढे पाऊस कितीही पडो, वर जात नाही. वरच्यांचा माथा मात्र सप्टेंबरात. आधी वाटलं माझे महिने सरकले. तपासलं, नाही सरकले. मग काल छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढलो आणि उत्तर डोळ्यांसमोर वाहत होतं. जांभा म्हणजे चाळण. पडलेलं पाणी भोकाभोकांतून खाली उतरतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि उताराने बाहेर फुटतं. जिथे बघावं तिथे झरे, पऱ्ये, व्हाळ. विहीर एकदा काठाच्या झऱ्यांपर्यंत आली की वरचं सगळं खाडीला. भरलेल्या कळशीत ओतत राहण्यासारखं. ऑक्टोबरात पाऊस गेला की तीच भोकं विहीर रिकामी करायला लागतात, म्हणून तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावाला मेमध्ये टँकर.

ठोकळ्याचा बहुतेक भाग घाटावरचा. तिथली काळी माती हळूहळू भिजते, धरणं ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत भरत राहतात. कोयनेचा हिशेब केला. पूर्ण भरलं की १०५ टीएमसी, म्हणजे तीनेक घन किलोमीटर. ठोकळ्याचं क्षेत्र एक लाख चौरस किलोमीटर धरलं, तर अख्खं कोयना धरण त्यात पसरून जेमतेम ३ सेंटिमीटर. कोयनेचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला, तर या तराजूचा काटा एवढा हलतो. आमची विहीर कुठे शोधायची?

विहिरीची सतरा-अठरा पायऱ्यांची घट म्हणजे साडेतीन मीटर. तेही साडेतीन मीटर पाणी नव्हे. दगडात शंभरात पाच भाग पोकळी समजली तर अठरा सेंटिमीटर. हा पाचचा आकडा माझ्या पदरचा आहे, त्यावर काही उभारणार नाही.

३० ऑगस्ट

गणपतीला मुंबईचे सगळे आलेत. आरतीनंतर काकांनी विचारलं, “राजापूरची गंगा कधी येणार ते तुझ्या उपग्रहाला कळेल का रे?” सगळे हसले, पण प्रश्न चांगला होता. चौदा कुंडं, तीन वर्षांनी येते म्हणतात आणि मनाला वाटेल तेव्हा येते. तिचं पाणी वजनाने इतकं थोडं, की त्या ठोकळ्यात दशलक्षांश सेंटिमीटरही उमटणार नाही. गंगा यायची असेल तर ती राजापूरच्या पुजाऱ्यांना आधी कळेल.

मग म्हटलं, याच तराजूने पंजाब-हरयाणा-राजस्थानची गोष्ट उघडी पाडली. २००९ मध्ये छापून आलं: सहा वर्षांत तिथल्या जमिनीतून १०९ घन किलोमीटर पाणी गेलं, म्हणजे छत्तीस कोयना. तिथे तो चालला, कारण प्रदेश चार लाख चौरस किलोमीटरचा आणि उपसा सगळीकडे एकाच दिशेने. काकांनी छत्तीस कोयना दोनदा मोजायला लावल्या.

५ ऑक्टोबर

वहिनींसाठी अर्धं पान. चार वेळा लिहिलं. शेवटी ठेवलं ते असं:

‘सदर नकाशातील आकडा सुमारे एक लाख चौरस किलोमीटर प्रदेशाच्या एकूण पाण्याच्या वजनाचा आहे. त्यात जमिनीतील ओल व धरणांचा साठाही येतो. त्यावरून तालुक्याच्या किंवा वाडीच्या भूजलाविषयी काहीही म्हणता येत नाही, पाणी आहे असेही नाही आणि नाही असेही नाही. वाडीतील एका विहिरीच्या २००३ पासूनच्या मासिक नोंदी (२००९ वगळून) सोबत जोडल्या आहेत.’

वहिनींनी वाचलं. “‘नाही असेही नाही’ काढा,” म्हणाल्या. “तेवढंच उचलतील.” मी काढलं नाही. थोडी घासाघीस झाली. शेवटी राहिलं, पण दुसऱ्या ओळीत गेलं.

कॅलेंडरांच्या फोटोंचा गठ्ठा जोडला. ‘मोतीबिंदू’चं पानही त्यात आहे.

१२ ऑक्टोबर

वीस वर्षांची विहीर आणि वीस वर्षांचा ठोकळा एका कागदावर. वर्षाचा श्वास दोघांत दिसतो, विहीर दीड-दोन महिने पुढे. तो श्वास वजा केला की उरतात ती वर्षावर्षांतली चढउतार, आणि तिथे दोघांचं जुळत नाही. काही वर्षी ठोकळा चढता तर विहीर नेहमीसारखीच, कारण भरलेली विहीर आणखी भरत नाही. म्हणजे चांगल्या पावसाची साक्ष द्यायला आमची विहीर नालायक, वाईट उन्हाळ्याची द्यायला ठीक. हे आधीच सुचायला हवं होतं.

पुढची जोडी २०२८ मध्ये सोडायचं ठरतंय. तिनेही ठोकळा फार लहान होणार नाही, उंची तीच.

२१ ऑक्टोबर, अमावास्या

लक्ष्मीपूजन. सकाळी विहिरीच्या भिंतीवर रंगाने सेंटिमीटरची पट्टी आखून घेतली, पुढच्या वर्षापासून पायऱ्या नकोत म्हणून. कुर्ली अजून तिथेच.

संध्याकाळी आत्या पणती घेऊन काठावर आली, वाकून बघितलं, “आठ.” माझी पट्टी सांगत होती आठ आणि वर अर्धी. मी म्हटलं, साडेआठ लिही. म्हणाली, “अर्धी पायरी कुठे असते का?” आणि चौकोनात ८ उ लिहून पेन्सिल कानामागे खोचली.